फडकं जरा बाजूला ठेवा, प्लीज!

शोरूममधून निघालेल्या गाडीसारखी चमक जुन्या गाडीला परत आणता येते? येते, बॉस! फक्त त्यासाठी वर काही थापायचं नसतं. जे आहे तेच गुळगुळीत करायचं आणि मग जिवापाड जपायचं. पंचविशी ओलांडलेल्या एका लाल मारुती ८०० ची, एका बिघडलेल्या दुपारची आणि डाव्या दरवाज्यातल्या गुपिताची ही गोष्ट...

रविवार सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमधला सीन तुमच्या ओळखीचाच आहे. बादलीत चहाच्या रंगाचं पाणी, खांद्यावर फडकं, आणि एकामागून एक गाड्या पुसल्या जाताहेत. लांबून बघावं तर गाडी कशी चकाचक! ‘मेन्टेन्ड आहे हं,’ असं शेजारचे काकाही म्हणतात. आपण खूश.

आता एक काम करा. आज रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन खाली जा. टॉर्च लावा आणि बॉनेटवर तिरका धरा. दिसली जाळी? प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याने विणल्यासारखी, गोल गोल रेघांची? गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर तुम्ही तिथेच कपाळावर हात माराल. पांढरी असेल तर जरा उशिरा माराल, एवढाच फरक. कारण पांढऱ्यावर ओरखडे लवकर दिसत नाहीत, इतकंच.

या जाळीला डीटेलिंगवाले ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. गंमत म्हणजे ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना आडवेतिडवे पसरलेले असतात. त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवली की जाळीही सरकते. आणि ही जाळी विणतो कोण? बहुतेक वेळा आपणच. रोज सकाळी, प्रेमाने, सुक्या फडक्याने!

भंगार की दसरा?

आमच्या घरी ही जाळी वगैरे फार पुढची गोष्ट होती. आमची मारुती १९९९ ची, लाल. बाबांनी कर्ज काढून घेतलेली घरातली पहिली गाडी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ती बुचाच्या झाडाखाली उभी राहायची. पावसाळ्यानंतर तिच्यावर पांढऱ्या फुलांचा सडा, आणि वर्षभर पक्ष्यांची कृपा. हळूहळू लाल रंग विटला. आधी फिकट, मग गुलाबी, मग छपरावर चक्क खडूसारखा. हात फिरवला की तळव्याला गुलाबी पावडर!

इंजिन मात्र ठणठणीत. सेल्फ मारला की पहिल्या फटक्यात सुरू. मारुती ८०० बाजारात आली १९८३ मध्ये आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत किती घरांची ती पहिली गाडी झाली असेल! पण बाबा एकदा जिना उतरता उतरता म्हणाले, “रंग गेला की गाडी गेली रे. देऊन टाकू आता भंगारात.” आवाज अगदी साधा. पण त्या दिवशी त्यांनी गाडीला नेहमीसारखा हात लावला नाही, ते मी पाहिलं.

दसऱ्याला पाच आठवडे होते. मी म्हटलं, “दसऱ्यापर्यंत थांबा. पूजा करू, मग ठरवू.”

एका दुपारचं रबिंग

इथे मी पहिली चूक केली. ऑफिसमध्ये डेडलाइन, हातात वेळ नाही, म्हणून गाडी नेऊन टाकली एका गॅरेजमध्ये. “रबिंग-पॉलिश करून देतो साहेब, संध्याकाळी घेऊन जा, आरसा होईल!”

संध्याकाळी गाडी खरंच आरसा दिसत होती. ट्यूबलाइटखाली. सकाळी उन्हात बघितलं तर सगळ्या बॉनेटवर मशिनच्या फेऱ्यांचे ढगाळ पट्टे. आणि बॉनेटच्या उजव्या कडेला, जिथे पत्र्याला धार आहे तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा राखाडी डाग. डाग कसला, तिथला रंगच संपला होता! खालचा प्रायमर दिसत होता.

आठवड्याने गाडी धुतली तर उरलीसुरली चमकही पाण्याबरोबर गेली. कारण सोपं आहे. स्वस्त पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात. ती ओरखड्यांत जाऊन बसतात. दोन-तीन धुण्यांत निघून गेली की जाळी परत हजर. म्हणजे पिंपल्स घालवायच्या ऐवजी त्यावर फाउंडेशन!

मी फोन लावला तो कॉलेजमधल्या मित्राला. इंजिनीअरिंग करून हा पठ्ठ्या आता गाड्यांचं डीटेलिंग करतो. फोटो बघून तो दोन मिनिटं गप्पच झाला. मग म्हणाला, “येड्या, रंग म्हणजे काय अमर्याद साठा आहे का? प्रत्येक रबिंग म्हणजे एफडी मोडणं असतं!”

केसापेक्षा पातळ

ती एफडी किती मोठी असते ते समजून घ्या. हल्लीच्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्याच्या जिवावर तुमची गाडी चमकते तो थर केसापेक्षाही पातळ!

आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारं रसायन याच थरात असतं. तो फार घासला गेला की काही वर्षांत छपरावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटायला लागतात. ते पॉलिशने जात नाहीत. तिथे नवा रंगच मारावा लागतो.

मग चमक येते कुठून? पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश एका दिशेने परत फिरतो आणि त्यात तुमचा चेहरा दिसतो. ओरखडे असले की तोच प्रकाश दहा दिशांना उधळतो आणि गाडी मळकट दिसते, अगदी धुतलेली असली तरी. पॉलिश म्हणजे अत्यंत बारीक कण वापरून ओरखड्याच्या कडा खाली आणणं. त्यात भर काही पडत नाही. उलट दर वेळी थोडं वजा होतं. म्हणून शहाणा डीटेलर खोल ओरखड्याच्या नादी लागत नाही. ज्यात नख अडकतं तो ओरखडा पॉलिशने काढायचाच नसतो.

आमची मारुती याच्याही आधीच्या पठडीतली. मित्राने दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यावर थेंबभर पॉलिश घेऊन घासलं. कापड लालभडक! “बघ, हिच्यावर क्लिअर कोट नाहीच. रंग आणि चमक एकाच थरात. वरचा थर उन्हाने मेलाय, खाली जिवंत लाल आहे.”

जिवंत लाल! मला तर त्या दोन शब्दांनीच बरं वाटलं.

दरवाज्यातलं गुपित

कामाला हात घालण्याआधी त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं. पेंट थिकनेस गेज. पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी सांगतं. छप्पर ९५. मागची डिकी १०२. उजवा दरवाजा ९८. बॉनेट ८० च्या आसपास, गॅरेजची कृपा. डावा दरवाजा... ३४०!

“हा दरवाजा ठोकलेला आहे. पुट्टी भरून परत रंगवलाय,” मित्राने निकाल दिला. (सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्यांनो, हे यंत्र लक्षात ठेवा. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणून गळ्यात मारलेल्या गाडीचं पितळ पाच मिनिटांत उघडं पडतं.)

मी बाबांकडे बघितलं. बाबा बुचाच्या झाडाकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “२००३. कात्रजचा घाट. एक ट्रक अंगावर आला म्हणून बाजूला घेतली, ती कठड्याला घासली. तुझी आई माहेरी होती. ती यायच्या आत करून घेतलं सगळं.” थोडं थांबून, “तिला नको सांगूस.”

दोन दशकं जपलेलं गुपित, आणि एका टिचभर यंत्राने फोडलं!

दोन वीकएंड, चौदा तास

गॅरेजने जे एका दुपारी ‘उरकलं’ होतं त्याला आम्हाला दोन वीकएंड लागले. त्यातलं अर्धं काम पॉलिशचं नव्हतंच. धुण्याचं होतं.

आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहू दिली. मग शाम्पू, वरून खाली. चाकं आणि दरवाज्यांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण वाळू तिथेच बसते. धुऊन झाल्यावर मित्र म्हणाला, “पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घाल आणि छपरावरून फिरव.” फिरवली. स्वच्छ दिसणारं छप्पर अक्षरशः खरखरीत लागत होतं! ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, झाडाचा चीक, रस्त्यावरचं डांबर हे सगळं रंगात रुतून बसतं आणि शाम्पूला दाद देत नाही.

त्यावर उपाय म्हणजे क्ले बार. दिसायला लहान मुलांच्या क्लेसारखाच. पाण्यात शाम्पू घालून रंगावर भरपूर फवारायचं आणि क्ले हलक्या हाताने सरकवायचा. रुतलेले कण त्याला चिकटून येतात. आमचा क्ले पाच मिनिटांत करपलेल्या पोळीसारखा दिसायला लागला. क्ले जमिनीवर पडला तर मात्र सरळ फेकून द्यायचा. धुऊन वापरायचा मोह नको. चिकटलेली वाळू पुन्हा रंगावरच फिरेल.

मग टेप. पत्र्याची प्रत्येक धार, रबर आणि काळं प्लॅस्टिक मास्किंग टेपने झाकलं. कारण धारेवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशिनचा सगळा दाब तिथेच येतो. आमचं नाण्याएवढं भोक तिथेच का पडलं ते आता कळलं.

आणि मशिन? गॅरेजमधलं रोटरी होतं. ते एकाच आसाभोवती गरगर फिरतं, एका जागी उष्णता साठवतं आणि शिकाऊ हातात असलं तर रंग जाळतं. आम्ही वापरलं ‘ड्युअल अ‍ॅक्शन’. ते फिरताना डुलतंही, त्यामुळे रंग जळायची भीती खूपच कमी. वेळ जास्त लागतो, पण नवशिक्यासाठी तेच बरं. नियम एकच : आधी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश, तेही दोन फुटांच्या चौकोनात. तेवढ्याने भागलं तर त्याच्या पुढे जायचंच नाही. कडक औषध पहिल्याच दिवशी कशाला?

छपराचा पहिला चौकोन झाला. मायक्रोफायबरने पुसला. आणि मी बघतच राहिलो. भोवती सगळं खडूसारखं गुलाबी आणि मधोमध डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल तुकडा! १९९९ ची ती संध्याकाळ आठवली. पेढे, हार, आणि मागच्या सीटवर बसायला माझं आणि ताईचं भांडण. मी बाबांना हाक मारली. ते आले, चष्मा पुसला, बोट फिरवलं. काही न बोलता आत गेले आणि पाच मिनिटांनी जुना बनियन घालून परत आले. “सांग, मी काय धरू?”

तिथून पुढे टीम तिघांची. नाकाला मास्क, कारण जुन्या रंगाची पूड छातीत जायला नको. गाडी सावलीत, पत्रा गार. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं. पॅड दर पॅनलनंतर धुवायचं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसलं, म्हणजे पॉलिशचं तेल निघतं आणि खरं काय ते दिसतं. फाउंडेशनवाला मामला नको! सगळ्यात शेवटी ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा वॅक्स, हाताने. बॉनेटवरच्या भोकात टचअपच्या बारीक ब्रशने लाल भरला. जवळून दिसतो अजून. राहू दे.

नाइन-एच म्हणजे हिरा नव्हे

“मग सिरॅमिकच का नाही मारलं?” ऑफिसमध्ये पहिला प्रश्न हाच. हल्ली नवी गाडी घेतली की ईएमआयच्या पाठोपाठ सिरॅमिक कोटिंगचं पाच आकडी कोटेशनही येतं. वस्तू वाईट नाही. सिलिकावर आधारलेला हा थर रंगाला चिकटून बसतो. पाण्याचे मोती होऊन घरंगळतात, घाण कमी चिकटते आणि वॅक्सपेक्षा तो कितीतरी जास्त टिकतो.

पण थर असतो एक-दोन मायक्रॉनचा. आणि जाहिरातीतलं ते ‘नाइन-एच’ आहे ना, ते हिऱ्याच्या नव्हे, पेन्सिलीच्या पट्टीवरचं माप आहे. चाचणीतल्या सगळ्यात कठीण पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. किल्लीने किंवा वाळूने उठतोच! शिवाय कोटिंगखाली जाळी तशीच असेल तर ती आता ‘प्रोटेक्टेड जाळी’ होते. म्हणजे आधी पॉलिश हवंच. दगड-गोट्यांपासून खरंच वाचवायचं असेल तर त्याला पीपीएफ, म्हणजे साधारण २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिचा खर्च मात्र बसून विचार करण्यासारखा!

दोन बादल्यांची गोष्ट

आता मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. एवढं करून उद्यापासून परत सुकं फडकं मारलं तर? महिन्यात जाळी तयार!

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे दादा आहेत. मी त्यांना मोठ्या उत्साहात लेक्चर दिलं. धूळ म्हणजे बारीक वाळू, सुकं पुसणं म्हणजे सॅण्डपेपर वगैरे वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, बावीस गाड्या आहेत. नळाला पाणी तासभर. दुसरी बादली कुठून आणू? आणि रोज नाही पुसली तर लोक म्हणतात, खाडा झाला, पैसे कापा.”

मी गप्प. प्रॉब्लेम फडक्याचा नव्हताच, आमच्या हिशोबाचा होता. रोज फडकं फिरलंच पाहिजे ही अट आम्हीच घातली होती!

मग डील झालं. आमच्या गाडीला रोज हात लावायचा नाही. आठवड्यातून दोनदाच, पण पाण्याने. पगार तोच. बादल्या दोन, एक शाम्पूची आणि एक कापड खळबळायची. मायक्रोफायबर सहा, ते माझ्याकडून. आता आणखी चार फ्लॅटवाल्यांनी हेच मान्य केलंय. “पाठ कमी दुखते साहेब,” दादा परवा सांगत होते.

हे एवढं कराच!

- पक्ष्याची विष्ठा दिसली की त्याच दिवशी काढा. ती आम्लयुक्त असते आणि उन्हात रंगावर कायमचा ठसा उमटवते. ओला टिश्यू दोन मिनिटं ठेवा, मग उचला. घासू नका.
- बोअरच्या पाण्याने धुतलीत तर गाडी उन्हात वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके पडतात. ताजे असतील तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा, लगेच धुवा.
- भांड्यांचा साबण नको. वॅक्स निघून जातं. पीएच न्यूट्रल कार शाम्पू आणा.
- मायक्रोफायबरचं लेबल कापून टाका. कापड जमिनीवर पडलं तर धुतल्याशिवाय गाडीला लावू नका.
- रबिंगला देण्याआधी दोन प्रश्न विचारा : जाडी मोजणार का? आणि आधी एका छोट्या चौकोनावर करून दाखवणार का? उत्तर ‘काय गरज आहे साहेब’ असं आलं तर गाडी वळवा!
- झालेलं काम उन्हात किंवा टॉर्चखाली बघा. ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका.

आणि दसरा...

दसऱ्याच्या सकाळी गाडी बाहेर उन्हात काढली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. लाल असा की समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या दरवाज्यात मोजता याव्यात. सकाळच्या वॉकवरून परतणारे दोघं-तिघं थांबून बघून गेले.

आई ओवाळणीचं ताट घेऊन खाली आली. ताट बाबांच्या हातात दिलं आणि उजव्या दरवाज्याच्या आरशात बघून केसातली वेणी नीट केली. मग गाडीला एक फेरी मारून डाव्या बाजूला आली आणि थांबली.

इथे मला घाम फुटला. कारण एक गोष्ट आमच्या आधी लक्षातच आली नव्हती. बाकीची गाडी खडूसारखी होती तोवर सगळं एकरंगी वाटत होतं. आता मूळचा लाल वर आला आणि २००३ मध्ये रंगवलेला दरवाजा किंचित केशरी दिसायला लागला! उन्हात तर स्पष्टच.

आईने दरवाज्यावर हात फिरवला. बाबा आरतीच्या ताटातली वात उगाच पुढे-मागे करत होते.

“कात्रजचा ना हा?” आई म्हणाली. “मला तेव्हाच कळलं होतं. मी माहेराहून आले तर गाडीला रंगाचा वास! म्हटलं, हे स्वतःहून सांगतात का बघू.”

ताट बाबांच्या हातातून घेत तिने गाडीला ओवाळलं. मग समोरचा दरवाजा उघडून पुढच्या सीटवर बसली.

“चला. भंगाराचं नंतर बघू. आधी सारसबागेत एक चक्कर मारून आणा.”